कोरड्या पेंडीचं तेल

मांडवगडच्या बिशप हाऊसच्या ओसरीवर दिवंगत बिशपांच्या तीन तसबिरी आहेत. पहिली बिशप हेन्रिक यांची. लोक त्यांना मोठे स्वामी म्हणत. छातीपर्यंत दाढी, हातात चांदीची काठी, मागे घोडा. तिसरी तसबीर दवाखाना बांधणाऱ्या बिशप लिओ यांची, त्यांच्याही हातात तीच काठी. मधल्या तसबिरीपुढे मात्र नवा माणूस थबकतो. त्या बिशपांच्या हातात काठी नाही, पेंडीचा तुकडा आहे. होय, घाण्यातून तेल निघून गेल्यावर जी उरते आणि आपण गुरांपुढे टाकतो, तीच पेंड.

‘‘मोठ्या स्वामींनी विहिरी खोदल्या, शाळा काढल्या. लिओ स्वामींनी दवाखाना उभा केला. मग मधल्यांनी काय केलं?’’ असं विचारणारा कुणी ना कुणी दर वर्षी भेटतोच, आणि तो बहुधा शिकलेला असतो. त्याला खाली बसवून ही गोष्ट सांगावी लागते. तेव्हा भाविकांनो, तुम्हीही बसा. घाईने ऐकायची ही गोष्ट नव्हे.

मधले ते गाब्रिएल स्वामी. मूळचे वसईकडचे, केळीच्या बागायतीतले. मोठे स्वामी प्रभूघरी गेल्यावर त्यांच्या जागी हे मांडवगडला आले, ते दुष्काळाच्या पहिल्या वर्षी. स्वागताला पुढच्या फाटकाशी बँड उभा, शाळेची मुलं उभी, हार घेऊन पंच उभे. आणि स्वामी एसटीतून उतरून, स्वतःची पिशवी स्वतः घेऊन, मागच्या आडापाशी पोचलेसुद्धा. तिथे बाया पाण्यासाठी रांगेत उभ्या होत्या. त्यांच्याशी बोलत स्वामी तासभर तिथेच रमले. हार सुकले, बँडवाले चहा प्यायला गेले.

‘‘सरळ माणूस पुढच्या दाराने येतो,’’ जखऱ्या मास्तर त्या दिवशी म्हणाले. ‘‘हा मागच्या दाराने आला. ध्यानात ठेवा.’’

जखऱ्या मास्तर खरात म्हणजे मांडवगडच्या मोठ्या चर्चचे कारभारी. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले. वेदीमागच्या खोलीतली कपाटं, पूजेची वस्त्रं, मेणबत्त्या, द्राक्षारस, सगळं त्यांच्या ताब्यात, आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला. मास्तरांना संशयाचं व्यसन होतं. मेणबत्ती आली की नखाने खरवडून बघायची, मेण आहे की चरबी. द्राक्षारसाची बाटली उन्हात धरायची. एकदा एकाने येऊन सांगितलं, ‘मास्तर, आई वारली, घंटा वाजवा.’ तर मास्तर म्हणाले, ‘कुणी पाहिलं?’ शास्त्रातल्या जखऱ्यानेही देवदूताच्या शब्दावर शंका घेतली होती. आमच्या मास्तरांच्या आईबापांनी नाव ठेवताना फार लांबचं पाहिलं म्हणायचं.

मात्र एका माणसावर मास्तरांनी उभ्या जन्मात शंका घेतली नाही, ते म्हणजे मोठे स्वामी. जाण्याच्या दहाएक वर्षं आधी मोठ्या स्वामींनी त्यांच्याकडे एक मोठा डबा दिला होता. परदेशातून आलेलं ऑलिव्हचं तेल, तोंडाला शिशाची मोहर. ‘‘जखऱ्या, अडीनडीला असू दे,’’ एवढंच ते म्हणाले. मास्तरांनी तो डबा वस्त्रांच्या मागे ठेवला आणि दर शनिवारी फडक्याने पुसला. अशी बारा वर्षं गेली.

आता या तेलाचं महत्त्व ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी सगळ्या गावचे फादर मोठ्या चर्चमध्ये जमतात. बिशप त्या दिवशी तीन भांड्यांतलं तेल आशीर्वादित करतात. एक आजाऱ्यांसाठी, एक बाप्तिस्म्याच्या तयारीतल्यांसाठी, आणि तिसरं, ज्यात सुगंधी राळ मिसळतात ते, अभिषेकासाठी. या तिसऱ्या भांड्यावर बिशप वाकून आपला श्वास सोडतात. मग तेच तेल कुप्यांतून खेड्यापाड्यांत जातं. तान्ह्या लेकराच्या कपाळी लागतं, मरणाऱ्या म्हाताऱ्याच्या तळहाताला लागतं. त्या दिवशी तेल झालं नाही तर वर्षभर साऱ्या धर्मप्रांताने कोरडं राहायचं.

हे तेल नेहमी परदेशातून यायचं. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी गाब्रिएल स्वामींनी गावोगाव पत्र धाडलं. यंदा परदेशी तेल नको, रोमची तशी परवानगी आहे. प्रत्येक गावाने ओंजळभर तीळ पाठवावेत. या मातीतल्या लेकराच्या कपाळाला लागायचं तेल त्याच्या आईच्या ओंजळीतून आलेलं बरं.

पत्र वाचून मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ‘‘वसईचा माणूस,’’ ते चार जणांत म्हणाले, ‘‘जन्म गेला केळीच्या पानात. तीळ जमिनीत लागतात की झाडाला, एवढं तरी ठाऊक आहे का त्याला?’’ लोक हसले. पण हसण्याखाली मास्तरांना खरी भीती होती, आणि ती खोटी नव्हती हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. तेल चुकीचं असलं तर? त्या तेलाने केलेले अभिषेक देवाच्या दारी धरलेच गेले नाहीत तर? मोठ्या स्वामींनी घालून दिलेली घडी हा माणूस विस्कटतो आहे, यात त्याचा काहीतरी हेतू असणार. हेतू कोणता, ते मात्र मास्तरांना सापडत नव्हतं, आणि न सापडल्यामुळे तो जास्तच मोठा वाटत होता.

त्यात तीळ सोपवले कुणाकडे? तर माळवस्तीवरच्या अनशाबाई ओहोळांकडे. डोंगराच्या पायथ्याशी दहा झोपड्यांची वस्ती. अनशाबाई विधवा, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, घरात एक शेळी, बाकी देवाचं नाव. स्वामी वस्तीवर गेले होते तेव्हा त्यांच्या कानावर आलं की, दुष्काळी कामावर खायला मिळणारी सरकारी सुकडी वाटताना चुकून अनशाबाईला दोनदा मिळाली आणि ती दुसरा वाटा परत करायला दोन मैल चालत गेली. स्वामींनी त्याच दिवशी ठरवलं, तीळ निवडायचे, धुवायचे, वाळवायचे आणि बाजारच्या घाण्यावरून तेल काढून आणायचं, ते याच बाईने.

‘‘सुकडी परत केली?’’ मास्तर म्हणाले. ‘‘म्हणजे पुढे काहीतरी मोठं दिसलं असेल तिला.’’

मास्तर स्वतः माळवस्तीवर गेले. उन्हं तापली होती. अनशाबाई सुपात तीळ घेऊन खडे वेचत होती. मास्तरांना बघून तिने पदर सावरला आणि बसायला पोतं टाकलं. मास्तर बसले नाहीत.

‘‘काय गं, तीळ तोंडात टाकलेस की नाही?’’

‘‘उपासाचे दिस हायेत मास्तर. कोन खातं?’’

‘‘माणसांना उपास. शेळीला असतो का उपास?’’ मास्तरांनी दारातल्या शेळीकडे बघितलं. शेळीनेही त्यांच्याकडे बघितलं. फासळ्या मोजाव्यात अशी तिची दशा होती.

‘‘ती बांधलेली हाय,’’ अनशाबाई म्हणाली. ‘‘तीळ निवडून हुईस्तवर सोडत न्हाई तिला.’’

मास्तरांनी सुपात हात घातला, चिमूट उचलली, हुंगली, उन्हात धरली. दोष काही सापडेना. परतताना वाटभर ते विचार करत होते, इतकं सगळं बिनचूक कसं? जिथे खोट दिसत नाही तिथे ती खोल असते, असा मास्तरांचा हिशेब. पुढे घाण्यावर तेल निघालं त्या दिवशीही ते तेल्याच्या दुकानासमोर छत्री उघडून उभे होते. बैल फिरत होता, अनशाबाई धारेखाली चरवी धरून बसली होती. दिवसभर ती तिथून उठली नाही, आणि मास्तरही हलले नाहीत.

बुधवारी सकाळी अनशाबाई सात मैल चालून मांडवगडला आली. डोक्यावर चरवी, तोंडाला धुतलेलं फडकं. वेदीमागच्या खोलीच्या पायरीवर पाचपन्नास लोक होते. कुणी झावळ्या बांधत होतं, कुणी फरशी धूत होतं. मास्तरांनी चरवी उतरवून घेतली, आत बोट बुडवलं, बोट हुंगलं. तेल चांगलं होतं. त्यामुळे त्यांना आणखी राग आला.

‘‘तेल आणलंस. आणि पेंड?’’

अनशाबाईला कळेना. ‘‘पेंड?’’

‘‘तीळ कुणाचे होते? देवाचे. मग पेंड कुणाची? तुझ्या शेळीची?’’

लोक हसले. त्या वर्षी पेंड ही काही हसण्याची वस्तू नव्हती, गोठेच्या गोठे रिकामे झाले होते. पण मास्तर बोलले की हसायचं, अशी तिथली रीत.

अनशाबाईचा चेहरा लाल झाला. ‘‘घरी हाय मास्तर. समदीच्या समदी हाय. शेळीला खडा सुदिक दिला न्हाई. कुनी इचारली न्हाई म्हनून राहिली.’’

‘‘देवाची वस्तू द्यायला विचारावं लागतं?’’

‘‘उद्या आनते,’’ ती म्हणाली. आणि पाणीसुद्धा न पिता सात मैल परत निघाली. लोक हसायचे थांबले, पण तिला थांब असं कुणी म्हणालं नाही.

मास्तरांनी तेल तीन पितळी भांड्यांत भरलं. झाकणं लावली, लाख वितळवून ओतली, लाखेवर शाळेचा जुना शिक्का उठवला, भांडी कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप घातलं. आता मुंगीसुद्धा शिरायची नाही. आणि कुलपात किल्ली फिरवताना त्यांची नजर वस्त्रांच्या मागे गेली. तिथे मोठ्या स्वामींचा डबा होता.

दुपारी दोनला ऊन नुसतं भाजत होतं. सारं मांडवगड आडवं झालं होतं. त्या वेळी जखऱ्या मास्तरांनी स्वतःच्या हाताने घातलेली मोहर स्वतःच्या हाताने फोडली. तीन भांड्यांतलं तिळाचं तेल त्यांनी बादलीत घेतलं आणि मागच्या चाफ्याच्या बुंध्याशी ओतलं. मग छिन्नीने डब्याचं शिसं उचकटलं.

आतून एक उग्र भपकारा आला. मास्तर क्षणभर मागे सरले. दुसरं कुठलंही तेल असतं तर त्यांनी तिथल्या तिथे बोंब मारली असती. पण डबा मोठ्या स्वामींचा, तेल परदेशचं. परदेशी तेलाला असाच वास असणार, मास्तर मनाशी म्हणाले. बघा मंडळी, ज्या माणसाने दुसऱ्याच्या आईच्या मरणावर शंका घेतली, त्याने बारा वर्षांच्या खवट तेलावर घेतली नाही. त्यांनी भांडी भरली, पुन्हा लाख ओतली, पुन्हा शिक्का मारला. वेदीपुढे गुडघे टेकून म्हणाले, ‘‘प्रभो, तुझी घडी मी मोडू दिली नाही.’’ मग घरी जाऊन त्यांनी गाढ झोप काढली.

गुरुवारी सकाळी फादर मंडळी वस्त्रं चढवत होती. गाब्रिएल स्वामी चर्चच्या मागच्या बाजूने फेरी मारून आले आणि मास्तरांपाशी थांबले. त्यांनी मास्तरांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

‘‘मास्तर, मला काही सांगायचंय का?’’

‘‘काही नाही, स्वामी. सगळं कुलपात आहे.’’

‘‘बरं,’’ स्वामी म्हणाले आणि पुढे गेले.

असं का विचारलं यांनी? कुणी पाहिलं? कुणी सांगितलं? मास्तरांनी तिथे असलेल्या प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहून घेतलं. तोंडं नेहमीसारखीच होती, पण मास्तरांना त्या दिवशी सगळीच वेगळी दिसली.

चर्च भरलं होतं. तेलाची भांडी वेदीकडे नेण्याचा मान स्वामींनी अनशाबाईला दिला होता, आणि अनशाबाई अजून आलेली नव्हती. गायन सुरू झालं तशी ती धापा टाकत दारातून आत आली. डोक्यावर पेंडीचं गाठोडं. ते तिने खांबापाशी ठेवलं, पदराने घाम पुसला, आणि दोन बायांना बरोबर घेऊन भांडी वेदीपाशी नेली. मास्तर पुढे झाले. सर्वांना दिसेल असं भांडं वर धरून म्हणाले, ‘‘मोहर शाबूत आहे, स्वामी,’’ आणि लाख फोडली.

स्वामींनी अभिषेकाच्या भांड्याचं झाकण काढलं. त्यात राळ मिसळायची, प्रार्थना म्हणायची आणि श्वास सोडायचा. स्वामी भांड्यावर वाकले आणि वाकलेलेच राहिले. मग हळूच सरळ झाले. त्यांनी दुसरं झाकण काढलं, तिसरं काढलं. तोवर तो वास पहिल्या बाकांपर्यंत पोचला होता. बायांनी नाकाला पदर लावले. एक म्हातारे फादर खोकत बाजूला झाले.

‘‘तेल नासलंय,’’ कुणीतरी म्हणालं. लगेच दुसऱ्याने सूर धरला, ‘‘नासलं नाही, नासकंच आणलंय.’’ मग काय, कुजबुजीला पाय फुटले. चांगलं तेल बाईने घरी ठेवलं. पेंड लपवली तेव्हाच ओळखायला हवं होतं. एक पंच तर उठून म्हणाले, ‘‘स्वामी, या बाईला बाहेर काढा आधी. देवाच्या तेलात हात मारला हिने.’’

आता जखऱ्या मास्तरांना कळलं, परदेशी तेलाला असा वास नसतो. लाख त्यांची होती, शिक्का त्यांचा, कुलूप त्यांचं, किल्ली त्यांच्या कमरेला. पण चर्चभर माणसं असून एकाचीही नजर त्यांच्याकडे वळली नाही. साऱ्या गावावर संशय घेणाऱ्या माणसाचा संशय कोण घेणार? गप्प राहिलो तर सुटलो, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. ते गप्प राहिले.

अनशाबाई पायरीखाली उभी होती. ती रडली नाही. ‘‘स्वामी,’’ ती म्हणाली, ‘‘घाण्याखाली म्या चरवी धरली ती तेल भरस्तवर सोडली न्हाई. मास्तर समोरच हुते, त्यास्नी इचारा. आता हे कसं झालं मला ठावं न्हाई. माज्या हातून काय चुकलं आसंल तर देव बघंल.’’ मग ती खांबाकडे गेली, गाठोडं उचलून आणलं आणि वेदीच्या पायरीवर ठेवलं. ‘‘ही पेंड तेवढी घ्या. ही देवाची हाय. मंग म्या जाते.’’

‘मास्तरांना विचारा,’ असं ती म्हणाली तेव्हा मास्तरांनी मान खाली घातली.

‘‘थांबा, माय,’’ स्वामी म्हणाले. त्यांनी खाली बसून स्वतः गाठोडं सोडलं, पेंडीचा एक तुकडा मोडला आणि हुंगला. तिळाचा गोड वास. ज्या तिळाची पेंड अशी, त्याचं तेल तसं कसं, हे त्यांना तिथेच उमगलं असणार. पण ते तसं काही बोलले नाहीत. त्यांनी रिकामं पितळी घंगाळ मागवलं, पायरीवर ठेवलं आणि हाक मारली, ‘‘मास्तर, इकडे या. बाह्या वर करा. ही पेंड पिळा.’’

मास्तरांना वाटलं, कान वाजले. ‘‘स्वामी, पेंड पिळून तेल निघत नाही.’’

‘‘ठाऊक आहे. वसईचा असलो तरी तेवढं ठाऊक आहे मला.’’

म्हणजे तेही यांच्या कानावर गेलं होतं तर. मास्तर पुढे आले. त्या घटकेलाही सवय सुटेना. पेंड कुणी भिजवून तर ठेवली नाही? त्यांनी तुकडा उलटासुलटा केला, नखाने खरवडला, मोडून आत पाहिलं. खडखडीत. मग दोन्ही तळव्यांत धरून दाबला. भुगा झाला आणि घंगाळात पडला. त्यांनी तो उचलून लोकांना दाखवला. ‘‘कोरडी आहे,’’ ते म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांना जरा सुटल्यासारखं वाटलं.

स्वामींनी लोकांना गुडघे टेकायला सांगितलं. स्वतः अनशाबाईच्या शेजारी फरशीवर गुडघे टेकले. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सुरू झालं. मास्तरांनी दुसरा तुकडा घेतला, पिळला. भुगा. तिसरा घेतला. भुगा. चौथा घेतला. तेव्हा स्वामी त्यांच्याकडे झुकले आणि त्यांनाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, ‘‘मास्तर, चाफ्याच्या बुंध्याशी तेलाला मुंग्यांची रांग लागलीय. सकाळी पाहिली मी.’’

बस, एवढंच बोलून ते पुन्हा प्रार्थनेला लागले.

मास्तरांच्या हातातला तुकडा तसाच राहिला. म्हणजे सकाळीच यांना कळलं होतं. तरी विचारलं, संधी दिली. आताही, एवढ्या लोकांत, बोट दाखवलं असतं तर कोण अडवणार होतं? मास्तरांनी जन्मभरात शेकडो लोकांना चव्हाट्यावर आणलं होतं. आणि हा मागच्या दाराने आलेला माणूस त्यांची चूक कानात सांगत होता. मास्तरांनी त्यात हेतू शोधून पाहिला. खरंच शोधला. सापडला नाही, आणि या वेळी तो नव्हताच म्हणून सापडला नाही.

शेजारी अनशाबाई डोळे मिटून प्रार्थना म्हणत होती. ‘जसे आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो’ या ओळीवर तिचा आवाज कापला, पण ती ओळ तिने गाळली नाही.

‘‘तिचं तेल मी ओतून दिलं,’’ मास्तर म्हणाले.

प्रार्थना थांबली. मास्तर उठून लोकांकडे वळले. हाताच्या मुठी तशाच वळलेल्या, आत पेंड. ‘‘ऐका सगळे. बाईचं तेल चोख होतं. मी बोट घालून पाहिलं होतं. काल भर दुपारी मी माझीच मोहर फोडली, ते चाफ्याखाली ओतलं आणि मोठ्या स्वामींच्या डब्यातलं भरलं. ते नासलं होतं. वास आला होता मला. आणि आत्ता तुम्ही हिला चोर म्हणत होतात तेव्हा मी गप्प बसलो. चोर मी आहे.’’ मग ते पायरीवर बसले.

आणि बोटांच्या बेचक्यांत त्यांना ओल लागली. आधी वाटलं घाम. मास्तरच ते, घामाचाच संशय येणार. पण घामाला तिळाचा वास येत नाही. त्यांनी खाली पाहिलं. मुठीतून एक थेंब ओघळून मनगटावर आला होता, पिवळा, स्वच्छ. ‘‘स्वामी,’’ ते एवढंच म्हणू शकले. स्वामींनी घंगाळातला भुगा झटकला आणि त्यांची मनगटं धरून घंगाळावर आणली. थेंबामागे थेंब पडला, थेंबांची धार झाली. मास्तर पिळत नव्हते, त्यांच्या हातात पिळायचं बळच उरलं नव्हतं. त्यांनी नुसती पेंड धरली होती आणि तेल गळत होतं. दुसरं घंगाळ आणलं, मग तिसरं. एक भरलं, दोन भरली. तिसऱ्याच्या काठापर्यंत तेल आलं आणि धार थांबली. मास्तरांनी मुठी उघडल्या. पेंडीचा तुकडा होता तसा होता, खडखडीत कोरडा.

धन्य तो प्रभू! साऱ्या चर्चमध्ये तिळाचा वास दरवळला होता. गाब्रिएल स्वामींनी त्या तेलात राळ मिसळली, वाकले, आणि त्यावर आपला श्वास सोडला.

मिस्साची उपासना संपल्यावर लोक बाहेर जाईनात. जखऱ्या मास्तर उठले, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला, आणि सगळ्यांदेखत अनशाबाईच्या पायांपाशी ठेवून त्यावर डोकं टेकलं. ‘‘माय, यापुढे हे तू सांभाळ. मी सांभाळायच्या लायकीचा नाही.’’

अनशाबाई दोन पावलं मागे सरली. ‘‘उटा मास्तर. किल्ल्या घेऊन म्या काय करू? माज्या घराला दार बी न्हाई.’’

लोक हसले. या वेळी मास्तरही डोळे पुसत हसले.

स्वामींनी मास्तरांच्या हातातला तो तुकडा मागून घेतला. तोच तसबिरीत आहे. ‘‘आणि मास्तर,’’ ते म्हणाले, ‘‘देवाने आपल्याला हवं तेवढं घेतलं. उरलेली पेंड जिची राहिली होती तिला पोचती करा.’’

‘‘कुणाला, स्वामी?’’

‘‘शेळीला.’’

तेव्हापासून मांडवगडला पवित्र तेलाच्या भांड्यांना कुणी लाख लावत नाही, नुसतं धुतलेलं फडकं बांधतात. पण ही पुढची गोष्ट झाली. त्या गुरुवारी जखऱ्या मास्तर खरात डोक्यावर पेंडीचं गाठोडं घेऊन भर बाजारातून निघाले आणि अनशाबाईच्या मागे सात मैल चालत माळवस्तीवर पोचले. गाठोडं उतरवून त्यांनी पेंडीचा खडा तळहातावर घेतला आणि शेळीपुढे धरला. शेळीने मास्तरांना ओळखलं असावं. तिने पेंडीला तोंड लावलं नाही. आधी त्यांचा हात हुंगला, मग मनगट हुंगलं, मग पुन्हा हात. तिची खात्री पटेपर्यंत जखऱ्या मास्तर हात पुढे करून तिच्यासमोर वाकून उभे राहिले.